कोयनेच्या खोऱ्यात कधी जावं?

आमच्या घरात ट्रिप ठरते तेव्हा आधी ठरतं ते कोण येणार नाही हे. यंदा उलटंच झालंय. सगळे येणार आहेत, ठिकाणही ठरलंय (कोयनेचं खोरं, म्हणजे सातारा-बामणोली-तापोळा, जमलं तर खाली कोयनानगर), फक्त कधी जायचं ते ठरेना. मावसभावाला वासोटा करायचाय, म्हणून तो डिसेंबर म्हणतो. पुतणीला कासची फुलं बघायची आहेत, म्हणजे सप्टेंबर. आणि वहिनीच्या आई, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो, त्या म्हणतात मे महिन्याच्या अखेरीस जाऊ.

मे? डोक्यावर ऊन, करवंदं-जांभळं संपत आलेली आणि तलाव पार खाली गेलेला. पुतणीने आजीला हे सगळं समजावून सांगितलं. त्यावर मावशी म्हणाल्या, "खाली गेलेला असतो म्हणूनच."

मावशींचं माहेर त्या पाण्याखाली आहे. म्हणजे आम्हाला हे माहीत होतं. लग्नाच्या बोलणीत "मूळ गाव जावळीतलं, आता सोलापूरकडे" असं कुणीतरी सांगितलेलंही आठवतं. पण माहीत असणं वेगळं. ट्रिपच्या निमित्ताने मी नकाशा पसरला, दोन-चार पुस्तकं काढली, मावशींशी तीन वेळा फोनवर बोललो, आणि ट्रिप राहिली बाजूला. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. घरच्यांनीही वाचावं, म्हणजे तारखेवरची भांडणं तरी थोडी शहाणपणाने होतील.

आधी नकाशा. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांत कृष्णा पूर्वेला जाते, सावित्री पश्चिमेला. कोयना यातलं काहीच करत नाही. ती सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर, सरळ दक्षिणेला निघते आणि साठ-पासष्ट किलोमीटर गेल्यावर हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेला वळते. मग पाटण करत कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या दक्षिणोत्तर टप्प्यात तिच्या पश्चिमेला डोंगराची एकच रांग आहे आणि त्या रांगेपलीकडे कोकण, जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे अशी नदी, जी समुद्राच्या इतक्या जवळ उंचावरून वाहते आणि तरी त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाते. या एका गोष्टीतून खोऱ्याचं पुढचं बरंचसं नशीब निघालं. पण ते नंतर.

हे खोरं म्हणजे चंद्रराव मोऱ्यांची जावळी. 'चंद्रराव' हा आदिलशाहीने दिलेला किताब, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मोऱ्यांची ताकद फौजेत फार नव्हती. ती होती रानात आणि घाटवाटांत. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा त्यांच्या हातात, आणि रान असं की बाहेरचं सैन्य आत शिरलं तर त्याला पुढचा-मागचा पत्ता लागू नये. शिवाजी महाराजांनी १६५६ च्या जानेवारीत जावळी घेतली. लगेच प्रतापगड बांधायला काढला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाला याच रानाच्या तोंडाशी आणून संपवला. शाळेत आपण भेटीचा प्रसंग शिकतो, वाघनखं शिकतो. पण खानाचं सैन्य तिथे येऊन का अडकलं, हे जावळीचा नकाशा बघितल्याशिवाय नीट कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

वासोटा त्याच रानाच्या पोटात. १६६० मध्ये तो स्वराज्यात आला. त्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. लढाईपेक्षा कैदेसाठीच हा गड जास्त वापरला गेला. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांपैकी काही जण १६६० च्या दशकाच्या आरंभी इथे कैदेत होते. पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात ताई तेलीण नावाच्या बाईने प्रतिनिधींच्या बाजूने हा गड लढवला. बापू गोखल्यांना तो घ्यायला बरेच महिने लागले. आणि १८१८ साली, पेशवाई बुडताना, इथे पुन्हा इंग्रज कैदी होते: हंटर आणि मॉरिसन हे दोन अधिकारी. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातली माणसंही पेशव्याने इथेच ठेवली होती. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरने समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि गड पडला.

तुरुंग म्हणून हीच जागा पुन्हा पुन्हा का निवडली असेल? तटबंदी फार मोठी आहे म्हणून नव्हे. गडावरून निसटलेला माणूस जाणार कुठे? रानच भिंत. 'मिनी काश्मीर' हे जे नाव तापोळ्याला चिकटवलंय ते मला म्हणूनच सहन होत नाही. ज्या मुलखाला जावळी असं स्वतःचं नाव आहे त्याला उसनं काश्मीर कशाला? असो.

आता पुन्हा ती नदी. समुद्राकडे पाठ करून, पण उंचावरून वाहणारी. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर यात सोनं आहे. नदी अडवायची, पश्चिमेच्या रांगेतून बोगदा खणायचा आणि पाणी पूर्वेला न सोडता पश्चिमेला कोकणात टाकायचं. साधारण पावणेपाचशे मीटरचा उतार फुकट मिळतो, त्यावर वीज करायची. हेच झालं. १९५४ च्या सुमारास काम सुरू झालं, १९६१-६२ पासून पाणी अडू लागलं, १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज निघाली. धरण १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब. साठा १०५ टीएमसी. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज सगळे मिळून १९६० मेगावॅट होतात. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली तलावाच्या तळाला खालून भोक पाडलं, ते 'लेक टॅपिंग' आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कृष्णा लवादाने १९७६ च्या निवाड्यात यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी मान्य केले.

मला या कामाबद्दल आदर आहे, हे आधीच सांगतो. नुकत्याच जन्मलेल्या राज्याने हे उभं केलं. मुंबई-पुण्याचे कारखाने यावर चालले. 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' हे शब्द उगीच रूढ झालेले नाहीत. पण ज्या तळहातावर ती रेषा काढली तिथे शंभराच्या आसपास गावं होती.

मावशींचा जन्म १९५० चा. पाणी आलं तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या. त्यांना आठवतं ते असं: नदीकाठाला भाताची खाचरं, वर उताराला नाचणी आणि वरी. घर कौलारू नव्हतं, गवताने शाकारलेलं होतं. पाणी येणार हे मोठ्यांना किती वर्षं आधी माहीत होतं कोण जाणे, पण कुणाचा विश्वास नव्हता. नदीला पूर येतो, चार दिवसांनी उतरतो. तसंच होईल असं त्यांच्या आजीला शेवटपर्यंत वाटायचं. मग वडिलांनी घर उतरवलं. आढं, वासे, दाराची चौकट, सगळं सुटं करून बैलगाडीत भरलं. गावाने देव उचलले. मावशी म्हणाल्या, "देव आधी गेले, मग माणसं." ती चौकट सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या घराला लावली. तिथली जमीन काळी, पाऊस बेताचा, पीक ज्वारीचं. ज्यांच्या अख्ख्या खानदानाने भाताशिवाय काही लावलं नव्हतं, त्यांना ज्वारी कशी पेरायची इथपासून शिकायला लागलं. काही जण दोन-तीन वर्षांत परत आले आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, आपल्याच डोंगराच्या उतारावर खोपटी घालून राहिले. मावशींचे चुलते त्यातलेच.

एक गोष्ट फोनवर तिसऱ्यांदा बोलताना माझ्या लक्षात आली. मावशी 'शिवसागर' म्हणत नाहीत. 'तलाव' म्हणत नाहीत. त्या नुसतं 'पाणी' म्हणतात. पाण्याअगोदर, पाणी आल्यावर, पाण्यापलीकडे.

त्यांचं लग्न झालं तेही खोऱ्यातल्याच माणसाशी, पण संसार झाला मुंबईत. काका मशीद बंदरला माथाडी होते. हा योगायोग नाही. जावळी आणि पाटण या तालुक्यांतली माणसं मुंबईच्या गोदामांत, बाजारांत पाठीवर ओझी वाहायला पिढ्यान्‌पिढ्या गेली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे आणि माथाडी कायदा झाला १९६९ साली. शेती आधीही पोटापुरतीच होती, त्यामुळे सगळं खापर धरणावर फोडता येणार नाही. पण खाचरं गेल्यावर उरलीसुरली माणसंही निघाली. खोऱ्यातून वीज मुंबईला गेली आणि हमालही.

आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. कोयनानगरची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. मृतांचा आकडा १८० च्या आसपास. पाणी भरायला लागल्यापासूनच लहान धक्के जाणवत होते. पठार स्थिर मानलं जात होतं, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांना या धक्क्याने कोड्यात टाकलं. जलाशयाच्या भारामुळे आणि खडकांत झिरपणाऱ्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नाच्या चर्चेत कोयनेचं उदाहरण आजही सगळ्यात आधी येतं. धरणाला तडे गेले होते, ते काँक्रीटचे आधार देऊन मजबूत केलं गेलं. धक्के अजूनही येत असतात. २०१७ साली गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाच्या आत काय चाललंय ते बघायची सोय झाली. आपल्याकडे कोयना म्हटलं की थोरामोठ्यांना आधी भूकंप आठवतो. माझे वडील पुण्यात होते आणि तेही त्या पहाटे अंथरुणातून उठून अंगणात आले होते. गंमत म्हणजे त्यांना धरणग्रस्त आठवत नाहीत. भूकंपाची बातमी झाली होती. गावं उठली त्याची बातमी इतकी मोठी झाली नसावी.

याचं एक कारण तारखांतच आहे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. देशात असा कायदा करणारं आपलं राज्य पहिल्यांपैकी, आणि ते अभिमानाने सांगितलंही जातं. पण कोयनेचं पाणी अडलं त्याला तोवर पंधरा वर्षं होत आली होती. ज्यांनी सगळ्यात आधी जागा सोडली, त्यांच्या वेळी कायदाच नव्हता. त्यांना मिळालं ते कुणाच्या तरी शब्दावर. पुढे श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांनी हा विषय लावून धरला. २०१८ साली, म्हणजे पाणी अडल्यावर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने, धरणग्रस्त कोयनानगरला आंदोलनाला बसले होते आणि मागणी तीच: पर्यायी जमीन. बसलेल्यांत मूळ खातेदारांची नातवंडंही होती. मावशींच्या चुलत्यांचा नातूही होता, असं वहिनीकडून कळलं.

आता जंगलाबद्दल, कारण आमच्या ट्रिपच्या यादीत पाण्याखालोखाल तेच आहे. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला चांदोली. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत आल्या त्यांत कोयना, चांदोली आणि कासही आहेत. हे सगळं व्हायला हवंच होतं असं मला वाटतं. सह्याद्रीचं एवढं सलग रान महाराष्ट्रात दुसरीकडे फारसं उरलेलं नाही. पण अभयारण्याचा पश्चिम काठ म्हणजे तोच, जिथे पाण्यापासून वर सरकलेली माणसं राहत होती. पहिल्यांदा पाणी खालून आलं, दुसऱ्यांदा जंगल वरून. वासोट्याला बोटीने जाणारे जिथे उतरतात ती मेट इंदवली. 'मेट' म्हणजे गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी. त्या चौकीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचं ते गाव. आता तिथे वनखात्याची चौकी आहे, गाव नाही. ट्रेकची वर्णनं मी पाच-सहा वाचली. बहुतेकांत 'घनदाट अस्पर्श अरण्य' असे शब्द आहेत. अस्पर्श कसलं? दोनदा रिकामं केलेलं आहे ते.

माझा मावसभाऊ यावर म्हणाला, "म्हणजे आता वासोट्याला जायचंच नाही का?" जायचं की. मला फक्त एवढंच म्हणायचंय की बोटीतून उतरल्यावर डाव्या-उजव्या हाताला जोती दिसतात का बघ, आणि ताई तेलिणीची गोष्ट सांगशील तेव्हा या माणसांचीही सांग.

जे अजून काठावर आहेत त्यांच्याबद्दल एक बातमी २०२२ च्या जानेवारीत आली होती. जावळी तालुक्यातल्या एका गावातल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडतात आणि मग रान तुडवत शाळेला जातात. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. पाण्याअगोदर त्या दोन गावांमध्ये काय होतं, असं मी मावशींना विचारलं. "काय असणार? नदी. उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. चालत जायचो."

म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्या वाटेने पोरं चालत गेली असती तिथे आज होडी लागते आणि त्याच होडीत बसायला आम्ही पुण्याहून पैसे मोजून जाणार. २०२४ साली 'नवीन महाबळेश्वर' या नावाने २३५ गावांच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. पर्यटन हा त्याचा गाभा. तो चांगला की वाईट यावर साताऱ्यात पुष्कळ वाद झालेत, मी त्यात पडत नाही. रस्ते, दवाखाने, पूल झाले तर काठावरच्यांना हवेच आहेत. माझी शंका साधी आहे. पहिल्यांदा वीज बाहेरच्यांसाठी होती, दुसऱ्यांदा जंगल सगळ्या जगासाठी. तिसऱ्यांदा तरी खोऱ्यातल्या माणसाला हॉटेलात ताटं वाढण्यापलीकडचं काही मिळणार का?

तर तारखा. सप्टेंबरमध्ये तलाव भरत आलेला असतो आणि कासचा सडा फुललेला असतो. नोंदणी आधी करावी लागते आणि शनिवार-रविवार टाळावेत. पण पावसाळ्यात वासोटा बंद. डिसेंबर-जानेवारीत वासोटा उत्तम, हवा स्वच्छ, बामणोलीहून बोट मिळते, परवानगी काढून संध्याकाळच्या आत परत यायचं. हे दोन्ही मोसम गोड आहेत आणि दोन्ही मोसमांत तलाव म्हणजे अगदी तलावच दिसतो, जणू तो मोऱ्यांच्या वेळेपासून तिथे आहे.

मे अखेरीस पाणी उतरतं. काठांना मातीचे लाल-पिवळे पट्टे दिसतात, वरच्या अंगाला नदी पुन्हा नदीसारखी होते आणि पाणी फार खाली गेलं तर जुन्या घरांची जोती, बांध, देवळाचे दगड उघडे पडतात. मावशींनी त्यांचं गाव तसं एकदाच पाहिलंय, लग्नानंतर काही वर्षांनी, एका कोरड्या सालात. घराचं जोतं सापडलं होतं. चूल कुठे होती तेही त्यांना सांगता आलं. त्यांच्याबरोबर तेव्हा त्यांच्या आई होत्या. त्यांनी तिथे बसून हळदकुंकू वाहिलं आणि पदराने जोत्यावरचा गाळ पुसला, एवढंच त्या बोलल्या. मीही पुढे विचारलं नाही.

त्यांचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. दरवर्षी पाणी तेवढं उतरेलच असं नाही. पुतणीने काल सांगितलं की कासची फुलं पुढच्या वर्षीही येतील. मावसभाऊ अजून रुसलेला आहे, पण त्याला मी जानेवारीचं वेगळं आमिष दाखवलंय.

म्हणजे मेचा शेवटचा आठवडा. मुक्काम बामणोलीत. पुतणीने आजीसाठी घडीची खुर्ची घ्यायची म्हणून यादीत लिहिलंय, वहिनीने हळदकुंकू आणि नारळ. आता अडलंय ते एवढ्यावरच: त्या दिवसांत पाणी इतकं खाली असताना पश्चिम काठाला लाँच लागते का, की अर्ध्यावर उतरून गाळातून चालावं लागतं? मावशींना चालवणं जमणार नाही, उचलून न्यावं लागलं तर तशी माणसं बरोबर हवीत. शिवाय तो काठ अभयारण्यात, तेव्हा परवानगी साताऱ्याहून काढायची की बामणोलीलाच मिळते? जावळीकडचं कुणी हे वाचत असेल तर जरूर कळवा. एप्रिलच्या आत कळलं तर फार बरं.